ओरेकी चुकतो तेव्हा : ‘ह्योका’ या शालेय रहस्यमालिकेचा प्रकरण अभ्यास

रहस्यकथांच्या चाहत्याला ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांची, गोडी लावायची असेल तर कोणती मालिका दाखवावी, असे कोणी विचारले की माझ्या तोंडी ‘ह्योका’चे नाव येते आणि त्याच क्षणी जीभ अडखळते, कारण बावीस भागांच्या या मालिकेत खराखुरा खून एकही नाही. एक खून पडद्यावर दिसतो, पण तो शाळेतल्या मुलांनी हौसेने काढलेल्या चित्रफितीत; आणि तोसुद्धा, पुढे उघड होते त्याप्रमाणे, पटकथा लिहिणाऱ्या मुलीने लिहिलेलाच नव्हता. मालिकेचे बरेचसे गुण आणि तिचे काही ठळक दोष या एका चित्रफितीच्या प्रकरणात एकत्र सापडतात, म्हणून ते प्रकरण मध्यभागी ठेवून बाकीच्या भागांकडे पाहणे मला सोयीचे वाटते. रहस्यांची उत्तरे उघड केल्याशिवाय ही चर्चा होणे शक्य नाही. ज्यांना मालिका कोरी पाहायची आहे त्यांनी आधी ती पाहावी हे बरे.

मालिकेचा आधार असलेल्या कादंबऱ्या योनेझावा होनोबू यांच्या आहेत. त्यांतली पहिली २००१ मध्ये आली आणि तिचेच नाव मालिकेला मिळाले. पुढे २०२२ मध्ये योनेझावांना एका ऐतिहासिक रहस्यकादंबरीसाठी नाओकी हा जपानी साहित्य पुरस्कार मिळाला. तेव्हा शाळकरी मुलांच्या किरकोळ कोड्यांपासून सुरुवात केलेला हा लेखक पुढे कुठे पोहोचला, हे लक्षात ठेवून जुनी मालिका पुन्हा पाहण्यात वेगळी मजा आहे. क्योतो ॲनिमेशन या संस्थेने ती २०१२ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात दूरचित्रवाणीवर आणली. दिग्दर्शन ताकेमोतो यासुहिरो यांचे आणि पात्रांची रेखाटने निशिया फुतोशी यांची होती. जुलै २०१९ मध्ये त्या संस्थेच्या इमारतीला लावलेल्या आगीत ३६ जणांचा बळी गेला, त्यांत हे दोघेही होते. कथेतले कामियामा शहर काल्पनिक असले तरी ते गिफू प्रांतातल्या ताकायामावरून बेतलेले आहे, आणि तिथली नदी, पूल, देवळे चित्रकारांनी इतक्या निगुतीने उतरवली आहेत की मालिकेचे चाहते आजही त्या जागा शोधत फिरतात.

कथानायक ओरेकी होतारो हा आळशी नव्हे, काटकसरी आहे. स्वतःची शक्ती वाचवणे हेच त्याचे ब्रीद. जे करायला नको ते करायचे नाही, आणि करावेच लागले तर झटपट उरकायचे. जग फिरायला निघालेली थोरली बहीण तोमोए त्याला पत्राने फर्मावते की शाळेचे बंद पडू लागलेले अभिजात साहित्य मंडळ वाचव. हे पत्र आलेले असते बनारसहून, आणि पहिल्या कादंबरीतल्या पहिल्या प्रकरणाचे नावच ‘बनारसहून आलेले पत्र’ असे आहे. मंडळाच्या खोलीत त्याला चितांदा एरु भेटते. ती जुन्या जमीनदार घराण्यातली मुलगी आहे, आणि कोणतीही न उलगडलेली गोष्ट दिसली की ‘वाताशी, कि नि नारिमासु’ म्हणत ओरेकीच्या नाकाला नाक भिडेल इतकी जवळ येते. इंग्रजी सबटायटलांत या वाक्याचे ‘मला कुतूहल आहे’ अशा अर्थाचे भाषांतर होते आणि ते फार कोरडे वाटते. जपानी वाक्यात ती गोष्ट मनात येऊन रुतते, बोलणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. आपल्या भाषेत ‘मला राहवत नाही’ हेच त्याच्या सर्वांत जवळ जाईल. उरलेले दोघे म्हणजे फुकुबे सातोशी, ज्याला माहिती भरपूर असते पण जो स्वतः निष्कर्ष काढत नाही, आणि इबारा मायाका, जिला दुसऱ्याइतकीच स्वतःचीही चूक सहन होत नाही.

रहस्ये किती लहान असावीत याचा नमुना म्हणून सहावा भाग सांगतो. गणिताचे शिक्षक एका तुकडीवर विनाकारण भडकतात. अजून न शिकवलेला भाग मुलांना येत नाही म्हणून ते ओरडतात. कधी न चिडणारी चितांदा त्या दिवशी त्यांच्यावर चिडते, आणि आपण का चिडलो हेच तिला कळेनासे होते. उत्तर एवढेच, की कोणत्या तुकडीचे कुठपर्यंत शिकवून झाले हे ते शिक्षक इंग्रजी छोट्या अक्षरांत टिपून ठेवत असावेत, आणि घाईत काढलेला छोटा ‘ए’ आणि छोटा ‘डी’ सारखेच दिसतात. ‘डी’ तुकडीची प्रगती त्यांनी ‘ए’ तुकडीच्या माथी मारली. कोणाच्याही वहीत घडू शकेल अशा या चुकीवर वीस मिनिटे उभी राहतात, आणि चितांदाला शिक्षकांच्या रागामागचे कारण कळले की तिचा राग निवळतो. तिला हवे होते ते एवढेच.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे आठवा ते अकरावा भाग. दुसऱ्या वर्षाच्या एफ तुकडीने शाळेच्या महोत्सवासाठी रहस्यपट काढायला घेतला आहे. ओसाड पडलेल्या एका खाणवस्तीत काही विद्यार्थी जातात. तिथल्या जुन्या नाट्यगृहाच्या आतून बंद असलेल्या खोलीत त्यांच्यापैकी एक जण हात तुटून मेलेला सापडतो. आणि चित्रफीत तिथेच संपते, कारण पटकथा लिहिणारी होंगो मायु आजारी पडली असे सांगितले जाते. या तुकडीचे काम मार्गी लावणारी इरिसु फुयुमी, जिला सगळे ‘सम्राज्ञी’ म्हणतात, अभिजात मंडळाला विनंती करते की तुकडीतल्या तिघांनी शेवटाबद्दल मांडलेले तर्क तपासून द्यावेत. पहिला तर्क खुनी खिडकीतून आत आला असा आहे, पण बाहेरचे दाट गवत कुठेही तुडवलेले नाही. दुसऱ्याच्या मते खुनी वरच्या मजल्यावरून दोराने उतरला. मात्र तर्क करणाऱ्याने चित्रफीत पाहिलेलीच नाही आणि त्या खिडकीची चौकट जाम झालेली आहे. तिसरीचा तर्क तर थेट भुताखेतांचा. तिन्ही तर्क फेटाळल्यावर इरिसु ओरेकीला एका चहाघरात बोलावते आणि त्याच्या बुद्धीची तारीफ करते. ती त्याला सांगते की प्रत्येकाने स्वतःची लायकी ओळखली पाहिजे, आणि गुणवान माणसाने गुण नाकारणे म्हणजे ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांचा उपमर्द करणे होय. ज्या मुलाने आजवर स्वतःच्या यशाला नशीब म्हटले, त्याला आपल्यात काही विशेष आहे असे पहिल्यांदाच वाटू लागते.

ओरेकी उत्तर शोधतो आणि ते देखणे आहे. खोलीत शिरलेल्या मुलांबरोबर आणखी एक माणूस होता, ज्याला कोणी पाहिले नाही कारण आपण सगळे त्याच्याच डोळ्यांनी पाहत होतो: कॅमेरा धरणारा. चित्रपट त्या शेवटासह पूर्ण होतो, पाहणाऱ्यांच्या टाळ्या मिळवतो, आणि दहाव्या भागाचा शेवट पाहताना प्रेक्षकही टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या होत्या.

मग अकराव्या भागात त्याचे तिन्ही मित्र, एकेक करून, त्याला एकटे गाठतात. मायाका विचारते की होंगोने माणूस लोंबकळू शकेल इतका मजबूत दोर मुद्दाम मागवला होता, तो तुझ्या शेवटात कुठे आहे? सातोशी म्हणतो की तिने रहस्यकथा लिहायला शिकण्यासाठी वाचल्या त्या फक्त शेरलॉक होम्सच्या, आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाची युक्ती त्या काळातल्या कथांत बसत नाही. चितांदाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तोच खरा वर्मी लागतो: होंगो काही बेशुद्ध नव्हती, तर शेवट काय हे तिलाच का विचारले गेले नाही? ओरेकी पुन्हा विचार करायला बसतो. होंगोने होम्सच्या कथांवर केलेल्या खुणा त्याने युक्तीच्या नोंदी समजल्या होत्या. त्या आवडीनिवडीच्या खुणा निघतात, आणि माणसे मरतात त्या दुःखी कथांपुढे फुली आहे. होंगोच्या पटकथेत कोणी मरणारच नव्हते. चित्रीकरणाच्या भरात मुलांनी रक्त सांडले आणि तुटका हात आणला, मग मूळ शेवटाला जागाच उरली नाही, आणि भिडस्त होंगोला ते बोलून दाखवता आले नाही. तिचे मन आणि वर्गाची मेहनत दोन्ही सांभाळण्यासाठी इरिसुने आजाराचे निमित्त केले आणि रहस्य सोडवण्याच्या नावाखाली नवी पटकथा लिहवून घेतली. ओरेकीला गुप्तहेर म्हणून बोलावले होते असे त्याला वाटले. प्रत्यक्षात तो लेखक म्हणून वापरला गेला.

चहाघरात तो इरिसुला याचा जाब विचारतो तेव्हा त्याला फक्त एका गोष्टीचे उत्तर हवे असते: ती जे माझ्या गुणांबद्दल बोलली ते खरे होते का? ती म्हणते की ते मनापासून नव्हते. नंतर नदीकाठी चितांदा सहज सांगते की तिलाही माणसे मरतात अशा गोष्टी आवडत नाहीत. जिला विचारायला हवे होते त्या होंगोची आवडही हीच होती. म्हणजे तिला समजून घेऊ शकेल अशी व्यक्ती सगळा वेळ ओरेकीच्या शेजारी बसलेली होती आणि त्याने तिला विचारले नाही.

माझ्या मते मालिकेचे मर्म इथे आहे. ओरेकीचे उत्तर तर्काच्या दृष्टीने चांगले होते, रहस्यकथा म्हणून तर मूळ शेवटाहून सरस होते. चुकले ते माणूस वाचण्यात. बहुतेक रहस्यमालिकांत नायक चुकला तरी ती चूक पुढच्या अचूक उत्तराची पायरी असते. येथे अचूक उत्तर मिळाल्यावरही काही सुधारत नाही, चित्रपट झालेला असतो, टाळ्या मिळालेल्या असतात, आणि एका मुलीची कथा कायमची मिटलेली असते. हा कटू शेवट मालिका गोड करत नाही, हे तिचे मोठे बळ.

एकदा ही किल्ली सापडली की बाकीचे चांगले भागही तिनेच उघडतात. पहिल्या पाच भागांतले रहस्य चितांदाचे मामा सेकितानी जुन यांचे आहे. लहानपणी मामांनी ‘ह्योका’ या शब्दाबद्दल असे काय सांगितले की ती रडली, हे तिला आठवत नाही. ओरेकी जुन्या कागदांवरून अनुमान काढतो की १९६७ च्या विद्यार्थी आंदोलनाचे मामा हे वीर नेते होते. सगळ्यांना ते पटते. चितांदालाही पटते, पण मग आपण रडलो का हे तिला कळत नाही. दुसऱ्या खेपेला सत्य बाहेर येते: नेतृत्व मामांच्या गळ्यात मारले गेले आणि शिक्षाही त्यांनाच भोगावी लागली. अठराव्या भागात हेलिकॉप्टर आले की खिडकीशी धावणाऱ्या एका जुन्या शिक्षकांची आठवण निघते. त्यांना हेलिकॉप्टर आवडत असे, असे ओरेकी इतकी वर्षे समजून चाललेला असतो. मग तो आपणहून ग्रंथालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रे काढतो आणि कळते की त्या दिवशी डोंगरात त्या शिक्षकांचे सहकारी गिर्यारोहक अडकले होते. हेलिकॉप्टर उडू शकेल का, हे ते आभाळाकडे पाहून ताडत होते. शक्ती वाचवणारा मुलगा एवढे कष्ट का घेतो, तर खरे न कळता ‘त्यांना हेलिकॉप्टर आवडत असे’ म्हणत राहणे त्याला निष्काळजीपणाचे वाटते. संपूर्ण मालिकेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. एकोणिसावा भाग अपवाद वाटू शकतो, कारण तिथे ध्वनिक्षेपकावरच्या एका वाक्यावरून तो बनावट नोटेपर्यंत अचूक पोहोचतो. पण तर्क कसाही जुळवता येतो, आपले यश नशिबाचे असते, हे सिद्ध करण्यासाठी त्याने ती पैज घेतलेली असते, म्हणजे जिंकूनही तो हरतोच.

आता दोष. पहिला आणि मोठा दोष म्हणजे थोरली बहीण. तिचा चेहरा मालिकेत कधी धड दिसत नाही, आणि तरीही गाडी अडली की ढकलायला तीच येते. मामांच्या प्रकरणात तिच्या फोनवरचे एक वाक्य ओरेकीला पुन्हा विचार करायला लावते. इरिसुला त्याचे नाव सुचवणारी तीच. आणि महोत्सवाच्या प्रकरणात निर्णायक पुरावा ठरणारे मांगा (जपानी चित्रकथा) पुस्तक ती त्याच्या हातात सहज आणून ठेवते. एकदा चालते, दोनदा खपते. तिसऱ्यांदा मात्र लेखकाचा हात दिसतो.

महोत्सवाचे प्रकरण, बारावा ते सतरावा भाग, हे मालिकेतले सर्वांत मोठे आणि सर्वांत असमतोल प्रकरण आहे. मंडळाच्या अंकाच्या ३० ऐवजी २०० प्रती छापल्या गेल्याने चार मित्रांची चार दिशांना धावपळ सुरू होते, आणि मधूनच ‘जुमोन्जी’ नावाचा चोर निरनिराळ्या मंडळांतून क्षुल्लक वस्तू पळवतो: अ, इ, उ, ए, ओ अशा क्रमाने, मंडळाचे नाव आणि वस्तूचे नाव दोन्ही त्याच अक्षराने सुरू होणारी. जपानी न जाणणाऱ्या प्रेक्षकाला हा क्रम पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यासारखा समोर ठेवला जातो आणि तो गोंधळतो. मराठी प्रेक्षकाचे मात्र तसे होऊ नये, कारण जपानी अक्षरांचा हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडला आहे, आणि ‘अ इ उ ए ओ’नंतर ‘क’ची ओळ येणार हे बाराखडी घोकलेल्या मुलालाही ओळखता येईल. तरी दोष राहतोच: चोरीमागचे दुःख, स्वतःपेक्षा गुणी मित्राने पुन्हा चित्रकथा काढावी ही अपेक्षा, हा सगळ्यात हृद्य धागा, पण गुन्हेगाराला आपण फार थोडे पाहिलेले असते, आणि कबुलीच्या एका संभाषणात सगळा भार टाकला जातो. सातोशी आणि मायाका यांच्या वाट्याला आलेले अपयश त्याहून कितीतरी बारकाईने रंगवले आहे.

भाषेचा अडथळा पहिल्या प्रकरणातही आहे. ‘ह्योका’ म्हणजे बर्फाची मिठाई, म्हणजे आइसक्रीम, म्हणजे इंग्रजीत ‘आय स्क्रीम’, मी किंचाळतो. दुसरी उडी आपल्याकडे शाळेतल्या विनोदासारखी लगेच कळते. पहिली कळण्यासाठी चिनी-जपानी चित्राक्षर माहीत हवे. परिणामी ओरेकीला जे कळते ते आपल्याला कळण्याची संधीच नसते, आणि रहस्यकथेने वाचकाच्या हाती धागेदोरे द्यावेत हा अलिखित करार तिथे मोडतो.

चितांदाच्या बाबतीत माझी तक्रार अधिक आहे. पहिल्या वीस भागांत ती बहुतांशी कथानकाला चालना देणारी कळ आहे: डोळे मोठे होतात, ओरेकी नमतो, शोध सुरू होतो. पहिल्या भागात तिचे केस वेलीसारखे वाढून फुलतात आणि त्याला गुंडाळतात, ते चित्र अप्रतिम आहे, पण तो तिचा नव्हे तर त्याचा अनुभव आहे. तिला स्वतःचे काय हवे आहे, हे विचारायला मालिकेला शेवटचा भाग यावा लागतो.

त्या बाविसाव्या भागात बाहुल्यांच्या उत्सवाची मिरवणूक आहे, ताकायामाजवळच्या मिनाशी देवळात प्रत्यक्षात भरणाऱ्या उत्सवावर बेतलेली. सम्राज्ञीच्या वेशात चितांदा चालते, ओरेकी मागून छत्री धरतो. कोणीतरी पुलाच्या दुरुस्तीचे काम लवकर सुरू करवून मिरवणुकीचा मार्ग वळवला, का आणि कोणी, हे कोडे दोघांनाही सुटते, आणि मालिका त्याला जेमतेम काही मिनिटे देते. मग शेतांच्या कडेने चालताना ती प्रथमच स्वतःबद्दल बोलते: शिकून ही जमीन सांभाळायला परत यायचे आहे, व्यवहार जमणार नाही पण चांगले पीक काढता येईल. ओरेकीच्या मनात एक वाक्य तयार होते, की व्यवहाराची बाजू मी पाहिली तर? ते आपण ऐकतो, तिचे उत्तरही पाहतो, आणि मग कळते की तो बोललाच नाही. तो एवढेच म्हणतो, ‘थंडी पडायला लागली.’ ती म्हणते, ‘नाही, आता वसंत आहे.’